पाचवीच्या वर्गातली वाकळ

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मागच्या वर्षी पावसाळ्यात मी वर्गात एका मुलावर हात टाकला. मारलं नाही, पण दंडाला धरून असं काही खेचलं की त्याच्या दंडावर माझी चार बोटं उमटली. तुमच्यापैकी ज्या शिक्षिका आहेत त्यांना हे वाचून फारसा धक्का बसणार नाही. आणि ज्या नाहीत त्याही, मुलं अभ्यासाला बसेनाशी झाली म्हणजे काय होतं, ते जाणून आहेत.

मी कऱ्हाडला एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घेईन तितक्याचे पैसे. सुट्टी आली की पैसेही सुट्टीवर! घरचा स्वयंपाक, ह्यांचा डबा, धाकटीची वेणी, सासूबाईंच्या गोळ्या एवढं उरकून साडेअकराला धावतपळत शाळा गाठायची. पाचवी 'ब' चे मराठीचे तास आणि कार्यानुभव माझ्याकडे. वर्गात मुलं चोपन्न. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, खिडक्या बंद, ओल्या दप्तरांचा वास, आणि मागच्या बाकावरून सारखी टकटक चालली होती. तो टकटक करणारा मुलगा म्हणजे आपला बाळू. (नाव अर्थातच खरं नाही.) तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा मी कधी त्याच्यापर्यंत पोचले नि कधी त्याला ओढलं, हे माझं मलाच कळलं नाही. वर्ग चिडीचूप झाला. बाळू रडला नाही. नुसता दंड चोळत माझ्याकडे बघत राहिला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायलाही बंदी आहे आणि त्यांना मानसिक त्रास द्यायलाही. मला ते तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी बाळूची आई शाळेच्या फाटकाशी उभी दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती बाई भाजी विकते. म्हटलं, आता ही मोठ्या बाईंकडे जाणार, माझे तास जाणार. पण ती जवळ आली आणि म्हणाली, "बाई, आनकी दोन लावा त्येला. मी काय म्हणायची न्हाई. घरातबी कुणाचं ऐकत न्हाई."

तिने तक्रार केली असती तर मी माफी मागून मोकळी झाले असते. तिने मला परवानगी दिली, आणि ती मला झोपू देईना.

त्याच सुमारास शाळेत पत्रक आलं, शिक्षकांसाठी एक दिवसाचं सजगतेचं प्रशिक्षण. 'माइंडफुलनेस' म्हणजे आपण आत्ता काय करतो आहोत इकडे जाणूनबुजून लक्ष देणं. आम्ही सगळ्याजणी कपाळाला हात लावून गेलो. आणखी एक काम! पण तिथे जे ऐकलं ते काही अगदीच परकं नव्हतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी ह्याचा वर्ग सुरू केला आणि तिथून हा शब्द जगभर गेला. पण मूळ धागा आपल्याकडचाच, बुद्धाच्या शिकवणीतला. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून आपल्या इगतपुरीला विपश्यनेची शिबिरं भरू लागली. त्यातलीच पहिली पायरी म्हणजे आनापान, नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहायचा. ओढायचा नाही, रोखायचा नाही. महाराष्ट्रात कितीतरी शाळांतल्या मुलांना हे आनापान 'मित्र उपक्रम' ह्या नावाने शिकवलं गेलं आहे.

ऐकायला फार सोपं वाटतं, नाही का? मी डोळे मिटून बसले. एक श्वास आत, एक बाहेर. दुसरा आत... आणि मटकी! मटकी भिजत घातली ती उपसून फडक्यात बांधायची राहिली होती. आता संध्याकाळपर्यंत तिला वास सुटणार. मग परत श्वास. मग धाकटीची फी. मग बाळूचा दंड. प्रशिक्षण देणारे सर म्हणाले, मन भरकटणारच, भरकटलं की रागावू नका, हळूच परत आणा. माझं मन दहा मिनिटांत चाळीसदा तरी भरकटलं असेल आणि त्यातून परत आलं ते पाच-सहादा. बाकीचे श्वास माझ्या नकळत आले नि गेले.

तरी नेटाने वर्गात तीन मिनिटं सुरू केली. पहिल्या दिवशी मुलींना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी बाळूने झकास घोरून दाखवलं. आठवडाभराने बरीच मुलं डोळे मिटायला लागली, पण मीच मधूनमधून एक डोळा उघडून कोण काय करतंय ते बघत असे. पोलिसाची सजगता ती!

मग बालवाडीत काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने शांततेचा खेळ सुचवला. हा खेळ मारिया मॉन्टेसरीबाईंचा. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या, मद्रासला राहिल्या. पण त्याच्या आधीपासूनच गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक ह्यांनी त्यांची पद्धत आपल्याकडच्या मुलांसाठी वापरायला घेतली होती. खेळ असा : मुलं अगदी गप्प बसतात, बाई मागे किंवा दाराबाहेर जाऊन एकेकाचं नाव कुजबुजल्यासारखं घेतात, आणि ज्याला आपलं नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून यायचं. पाचवीच्या मुलांना हा बाळबोध वाटेल अशी मला भीती होती. पण अहो, चोपन्न मुलं कान टवकारून बसली! बाळूचं नाव मी शेवटी घेतलं. तोवर तो अगदी मांजरासारखा दबून बसला होता. त्याला गप्प राहता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं स्वतःचं मात्र जमत नव्हतं. एकदा रात्री भांडी आवरताना सासूबाईंना हे सगळं सांगत होते. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आम्ही टकळी फिरवायचो की."

सासूबाईंची शाळा पाटण तालुक्यातली, साठ-बासष्ट सालची. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षण द्यायची नई तालीम मांडली. त्यातूनच कितीतरी प्राथमिक शाळांत सूतकताई आली. पितळी चकती, तिच्यातून गेलेली दांडी, दांडीच्या टोकाला आकडा. एका हातात कापसाचा पेळू, दुसऱ्या हाताने टकळी भिंगरीसारखी फिरवायची आणि धागा ओढत जायचं. "मास्तर काही बोलायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "बोलायची गरजच नसायची. खिडकीबाहेर बघितलं की तट्कन धागा तुटायचा. मग जोडायचा, पुन्हा फिरवायचं. तास कधी संपला कळायचं नाही."

मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. माझा श्वास चुकला तर मला पत्ता लागत नाही. ह्यांचा धागा मात्र तुटून सांगायचा!

टकळी आता कुठून आणणार? पण सासूबाईंच्या ट्रंकेत जुन्या सुती साड्या आणि दोन नऊवारी लुगडी होती. दिवाळीनंतर वाकळ शिवायची म्हणून त्या गेली चार वर्षं घोकत होत्या. (तुमच्याकडे गोधडी म्हणत असाल, आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वाकळ.) त्यांच्या डोळ्यांना आता सुई ओवता येत नाही. मी म्हटलं, चला, मी शिवते.

आता एक सांगते. कला ह्या शब्दाची मला शाळेपासून धास्ती. एलिमेंटरीच्या चित्रकलेच्या परीक्षेत माझं वस्तुचित्रातलं तपेलं पाहून आमचे ड्रॉइंगचे सर म्हणाले होते, "हे काय, भोपळा का?" तेव्हापासून माझी पक्की समजूत की आपण बी. ए. होऊ, पोळ्या गोल करू, पण कला आपल्या हातात नाही. रांगोळीसुद्धा मी छापाचीच काढते. त्यामुळे वाकळ म्हणजे मला नुसते सरळ टाके घालायचे होते, बाकी काही नाही.

पण तुकडे जमिनीवर मांडायला बसले आणि अडकलेच. विटकरी लुगड्याशेजारी मोरपंखी ठेवला तर दोन्ही उजळले. हळदी ठेवला तर विटकरी मेल्यासारखा दिसायला लागला. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "त्या दोघींना शेजारी नको बसवूस, जावा-जावांसारख्या दिसतायत!" मी उठवल्या, हलवल्या, पुन्हा मांडल्या. साडेअकरा वाजले. हे दोनदा येऊन दिवा बंद करायचा का विचारून गेले. किती वर्षांनी मी एखाद्या कामात अशी रमले होते, की ज्याचा कुणाच्या जेवणाशी किंवा कुणाच्या इस्त्रीशी संबंध नव्हता! घरात आपण जे करतो ते संध्याकाळपर्यंत खाऊन संपतं किंवा सकाळपर्यंत धूळ खातं. ही वाकळ मात्र दुसऱ्या दिवशी मी सोडली तिथेच, सोडली तेवढीच होती.

आणि शिवताना ते घडलं जे श्वासाच्या वेळी घडत नव्हतं. धावदोऱ्याचे चार-पाच टाके सुईवर घ्यायचे, मग दोरा सबंध ओढून घ्यायचा. ओढताना आपोआप सुस्कारा सुटतो. करून बघा. मटकीचा विचार येतोच, तो काही सुटला नाही. पण विचारात वाहवत गेले की टाका लांब पडतो, ओळ वाकडी जाते, आणि डोळ्यांना ते लगेच दिसतं. उसवायचं, परत यायचं. त्या सरांचं "हळूच परत आणा" म्हणजे काय, ते मला सुईने शिकवलं.

ह्याचा शाळेशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मी अंगुस्तान पर्समध्ये ठेवायला लागले. वर्गात शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबायचं, दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकल्याचं जाणवू द्यायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग आत. आवाज चढायला लागला की अंगुस्तानाच्या खळग्यांवरून अंगठा फिरवायचा. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत काही राग जात नाही. पण राग आलाय हे कळतं, आणि हात कुठे आहे तेही कळतं. त्या पावसाळी दिवशी मला नेमकं हेच कळलं नव्हतं. दर वेळी साधतं का? छे! निम्म्या वेळेला साधलं तरी मी खूष असते. एका शुक्रवारी तर अंगुस्तान हातात असूनही मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

डिसेंबरात कार्यानुभवाच्या तासाला मी चोपन्न तुकडे नेले. वीत-वीतभराचे चौकोन, मागे जुन्या धोतराचं अस्तर. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर धावदोऱ्याने हवं ते काढायचं. सहा तुकडे आडवे आणि नऊ उभे जोडले की साधारण चार फूट बाय सहा फुटांची वाकळ होते, एका माणसाला नीट पांघरता येते. मनात नुसता आनंद होता. पण वर्गात चोपन्न सुया म्हटल्यावर मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं की एका वेळी एका रांगेनेच शिवायचं, सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, आणि बाकीच्या रांगांनी धडा लिहायचा. मग पालकांच्या व्हॉट्सॲपवर एका वडिलांनी विचारलं, मुलग्यांना शिवणकाम कशाला? उत्तर सुचेना, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांचं उदाहरण दिलं. आपल्या पँटी कोण शिवतं हो?

मुलांनी काय काय काढलं! एका मुलीने फक्त रेघा घातल्या, जवळजवळ, मुंग्यांच्या रांगेसारख्या. तिला विचारलं तर म्हणाली, पाऊस आहे. एकाने कृष्णा-कोयनेचा संगम काढला, समोरासमोरून दोन निळे धागे येतात आणि वळून एक होतात. आमच्या प्रीतिसंगमावर नद्या खरोखरच अशा समोरासमोर भेटतात. मी रोज पुलावरून जाते, पण कधी ते असं पाहिलं नव्हतं. शिवणाऱ्या रांगेत कुजबुज चाले, भांडण नाही. मी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं, श्वासाचं नावही काढलं नव्हतं.

बाळूने काय केलं? पहिल्याच मिनिटाला बोटात सुई टोचून घेतली, तुकडा बाकाखाली फेकला आणि "हे बायकी काम हाय" म्हणून जाहीर केलं. मी अंगुस्तान चाचपलं. काही बोलले नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर शेजारच्या मुलीची सुई तो ओवून देत होता. त्याची नजर भलती तीक्ष्ण. दोऱ्याचं टोक ओलं करून एका झटक्यात आरपार! बघता बघता सगळी रांग त्याच्याकडे सुया द्यायला लागली. पुढचे चार शनिवार तो वर्गाचा सुईवाला होता. टाका मात्र एकही घातला नाही. आणि बाकावरची टकटक? ती आहेच. दुसऱ्या बाईंच्या तासाला तर जास्तच आहे, असं ऐकते.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करावीशी वाटली, तर एकदम मोठ्या वाकळीला हात घालू नका. बाळाच्या दुपट्याएवढी करा. एक मऊ झालेली सुती साडी घ्या. नायलॉनची नको, सुई घसरते आणि थर सरकतात. साडी धुऊन खळ पूर्ण काढा. साडेपाच मीटरची साडी मीटर-मीटरवर घडी घातली की पाच थर होतात आणि थोडं कापड किनारीला उरतं. जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवा, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढा आणि आधी लांब-लांब कच्चे टाके घालून थर पक्के बसवा. हा कंटाळवाणा भाग टाळलात तर पुढे फुगे येतात. मी टाळला होता. मग कडेपासून सुरू करून दोन-दोन बोटांवर चौकोनी फेरे घालत मध्याकडे या. दोरा आपल्या हातभर लांबीचाच घ्या; सारखं ओवायचा आळस करून लांब घेतला की तो गुंततो आणि सगळी शांती तिथेच संपते! टीव्ही लावून शिवू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस मिनिटं पुरेत. मी रात्री भांडी झाल्यावर बसते. पहिल्या आठवड्यात घरच्यांनी चार हाका मारल्या, आता एकच मारतात.

आमच्या वर्गाच्या वाकळीचे त्रेपन्न तुकडे मी आणि सासूबाईंनी मिळून जोडले. बाळूचा फेकलेला तुकडा मी उचलून ठेवला होता, पण त्यावर काहीच नव्हतं. म्हणून त्या जागी सासूबाईंच्या विटकरी लुगड्याचा एक साधा चौकोन लावून टाकला. गेल्या शनिवारी वाकळ दाखवायला वर्गात नेली. मुलं आपापले तुकडे शोधत तिच्यावर नुसती ओणवी झाली. बाळू लांब उभा होता. सगळी पांगल्यावर जवळ आला, विटकरी चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, माझा कुटं हाय?"

मी पर्समधून त्याचा कोरा तुकडा काढून दिला. त्याने तो दप्तरात कोंबला. "सुई बी द्या," म्हणाला. सुई घरी द्यायची नाही असा आमचा नियम आहे. मी कागदात गुंडाळून दिली.

घरी आल्यावर विटकरी चौकोन उसवून काढला. त्याला आता आठ दिवस झाले. वाकळीला मधोमध वीतभर भोक आहे, थंडी पडायला लागली आहे, आणि सासूबाई रोज विचारतात, "आणला का गं त्याने?"